स्योकखीमची कोरडी पोपिया

स्योकखीमला मी आयुष्यात एकदाच काकू म्हटलं. आजीने तिथल्या तिथे माझ्या मुस्काटात दिली. "काकू कुणाची गं? लग्न लागलंय का तिचं?" तेव्हापासून घरातलं चार वर्षांचं पोरही तिला नावानेच हाक मारायचं.

लग्न लागलं नव्हतं हे खरं. पोसून मोठी करायची आणि मग सून करायची, म्हणून आजीने तिला सहाव्या वर्षी विकत आणली होती, धाकट्या लेकासाठी. तशी चालच होती चीनमध्ये, आमच्या गावाकडे. पण तो लेक, माझा बुनहायकाका, विसाव्या वर्षी मनिलाला कमवायला गेला आणि तिथेच बायको करून बसला. स्योकखीम राहिली, ना लेक ना सून. भांडी तिची, चूल तिची, शिव्याही तिच्याच.

बाईच्या नावाची पाटी पितरांच्या देव्हाऱ्यात बसते ती नवऱ्याच्या पाटीशेजारी. नवरा नाही तर पाटी नाही, आणि पाटी नाही तर मेल्यावर घासही नाही. जिवंतपणीच्या हालांचं स्योकखीमला फारसं काही वाटत नसे. मेल्यावर उपाशी भटकायची मात्र तिला भयंकर भीती होती.

तिच्याकडे एक कागद होता. तळहाताएवढा, पातळ, लाल. त्यावर तिचं आणि काकाचं नाव, दोघांची जन्मवेळ आणि खाली आजोबांचा शिक्का, म्हणजे लग्न ठरल्याचा पुरावा. गावात क्रांतीवाले जुनी कागदपत्रं जाळत सुटले होते तेव्हा तिने तो तांदळाच्या रांजणात पुरून ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. दर वर्षी चेंगबेंगच्या, म्हणजे पितरांच्या दिवसाच्या तयारीला बसलो की ती म्हणायची, "वाच ना गं एकदा."

मी वाचायचे.

"नाव माझंच आहे ना?"

"तुझंच गं बाई. दर वर्षी बदलतं होय?"

मग तिची सुरी पुन्हा चालू व्हायची. गाजर, कोबी, बांबूचे कोंब, सगळं काडीकाडीने चिरायचं. मांस आणि कालवं घालून ते सारण ती दोन दिवस मंद आचेवर ठेवायची. पोपिया वळणं तिच्याकडूनच शिकावं. पातळ पारीवर आधी तळलेलं समुद्री शेवाळ, शेंगदाण्याचं गोड कूट, मग सारण. पारी फाटता कामा नये, पण घटकाभराने तिच्यावर ओलसर डाग उमटलाच पाहिजे. आजी ताटातले डाग निरखून बघायची आणि म्हणायची, "मोलकरणीचा हात बरा आहे."

शहाऐंशी साली काका गेला. त्या चेंगबेंगला त्याची बायको बेनिता मनिलाहून पाटी बसवायला आली. गोरीगोमटी, तिथल्या चिनी शाळेत शिकलेली. माझ्यासाठी तिने शिवणयंत्र आणलं होतं. आता नवऱ्याची पोपिया बायकोनेच वळायची, देव्हाऱ्यापुढे ठेवायची आणि उदबत्ती विझली की तिनेच खायची, अशी रीत. बेनिताने तीन पाऱ्या फाडल्या. वीस पाहुणे बघत होते.

"स्योकखीम, तू वळ," आजी दातांतल्या दातांत म्हणाली. "ठेवेल ती."

स्योकखीमने आमच्याकडे पाठ करून पोपिया वळली आणि बेनिताच्या हातात दिली. बेनिताने ठेवली. स्योकखीम दाराशी उभी राहून बघत होती. एवढी सरळ उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

उदबत्ती विझली. ताटातल्या सगळ्या पोपियांवर ओले डाग पडले होते. काकाची मात्र कोरडी ठणठणीत. आत तो लाल कागद होता, सारणाची ओल त्यानेच शोषली होती. बेनिता चावणार, बाहेर काढणार, सगळ्यांसमोर वाचणार. त्या येडीने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि तेही असं.

बेनिताने हात पुढे केला. पण ताटातले डाग निरखण्यात आजीचा जन्म गेला होता.

"थांब, सूनबाई. लेकाचा घास आज मला खाऊ दे."

आजी खाऊ लागली. सावकाश, गाईने रवंथ करावं तशी. स्योकखीम पांढरीफटक पडली. तिने माझ्याकडे बघितलं.

"सांग ना गं," ती म्हणाली. "तू वाचलंयस."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "काय वाचलंय?" बेनिताने विचारलं. माझ्या मागेच यंत्र होतं, अजून खोक्यातून काढलेलंही नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. "ही अशीच बडबडते."

आजीने शेवटचा घास गिळला. विडा खाल्ल्यासारखा ओठाच्या कडेला लाल रंग लागला होता, तो तिने बाहीने पुसला.

"सारण जरा अळणी झालंय," ती म्हणाली. "जा, पाऱ्या आण अजून. पाहुणे उपाशी बसलेत."

स्योकखीम पाऱ्या आणायला गेली.

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. पाचही चेंगबेंगांना सारण तिनेच केलं. 'वाच ना' मात्र पुन्हा कधी म्हणाली नाही. ती गेली तेव्हा आजी खुटखुटीत होती, त्यामुळे पाटीचा विषयच निघाला नाही. आजी गेल्यावर मी काढू शकले असते, पण कशाच्या आधारावर? विचारलं असतं तर मीच वीस जणांसमोर खोटं बोलले होते हेही सांगावं लागलं असतं. नाही काढला.

यंत्र अजून चालतं. पोपिया आता मीच करते. दर वर्षी एक जास्तीची वळते, ती ठेवायला देव्हाऱ्यात जागा नसते, म्हणून चुलीपाशी उभ्या उभ्या मीच खाऊन टाकते.