अकरा पानांचा पिंपळ

ललितामावशीचं बोलणं कैचीसारखं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ती "काऊन? कशाले?" म्हणते आणि उरलेलं आपोआप गळून पडतं. कैची तिच्या हातातच असते म्हणा. चाळीस वर्षं ती तेंदूपत्ता कापून बिड्या वळते आहे. दर फाल्गुनात त्याच कैचीने पिंपळाची साफसफाई.

पिंपळ हातभरच उंच. नव्या लग्नात मावशीच्या नवऱ्याने, खुशालकाकांनी, तो राइस मिलच्या भिंतीतून उपटून आणला, पसरट कुंडीत लावला. तेव्हा ते मिलमध्ये हमाल होते. एका फांदीला त्यांनी सुतळी बांधून वळण दिलं होतं. सुतळी गेली, वळ राहिला. एकदा एक नर्सरीवाला दारातच थबकला, "अरे बाई, ये तो बोन्साय है!"

"असंल. आमच्या घरी त्याले पिंपळ मनतात."

सात वर्षांपूर्वी काका गेले. घरात त्यांचा फोटो आहे आणि हे झाड आहे. फोटोशी मावशी बोलत नाही.

फाल्गुनातली साफसफाई ठरलेली: वाळकी काडी छाटायची, मातीवरचं शेवाळ खरवडायचं, कुंडीच्या भोकातून पाणी निघतं का बघायचं, आणि शेवटी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं, खाली तळहात धरून.

आमच्या कुडवा गावच्या बुद्धविहारात अंगणभर सिमेंट आहे, झाड नाही. म्हणून वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, बोधिवृक्ष म्हणून मावशीची कुंडी तिथे जाते. मावशी शेजारी उभी राहून प्रत्येकाला चमचाभरच पाणी घालू देते. "बस. झालं. पुढे सरक."

गेल्या वर्षी ती तापाने पडली होती. शेजारच्या प्रेमिलाकाकूने कुंडी नेली. आता प्रेमिलाकाकूला कोणाला नाही म्हणता येत नाही. लोटे आले, केवड्याचं पाणी आलं, दूध आलं, कोणी तर वाटीभर खीर ओतली. सगळ्या वस्तीची श्रद्धा त्या वीतभर मातीत.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. मातीला आंबूस वास यायला लागला. मावशीने कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मुळं काळी झाली होती. चिमटीत धरली की साल मोज्यासारखी निघून यायची.

कैची उकळत्या पाण्यात बुडवलेली पाहून प्रेमिलाकाकू धावत आली.

"ललिता, कैची नोको लावू वो. बोधिवृक्ष हाय."

"सडला हाय."

"लोक काय मनतील?"

"काऊन? त्याले खीर पाजली तवा काय मनले?"

प्रेमिलाकाकू रडायला लागली. "माझ्याच हातानं झालं. खुशालभाऊचं झाड..."

मावशीचा हात थांबला. "रडून कायले रायली? एवढं पाणी पाजलं, आता डोळ्यातलं तरी राहू दे."

मग तिने कापायला घेतलं. अर्धी मुळं गेली. "खाली कमावणारे कमी झाले, तं वरते खाणारेही कमी पायजे," असं पुटपुटत फांद्या छाटल्या. सुतळीच्या वळाची फांदी शेवटी उरली. ती टोकापासून सुकत आली होती. मावशीने वळावरून अंगठा फिरवला, आणखी एकदा फिरवला. आणि कापली.

रेती आणि विटेचा चुरा घालून नवी माती केली, कुंडी सावलीत ठेवली. पावसाळाभर झाड म्हणजे नुसता खुंट. रोज सकाळी मावशी नखाने साल इवलीशी खरवडायची. "हिरवं हाय," एवढंच बोलायची आणि बिड्या वळायला बसायची. प्रेमिलाकाकू दारातून ऐकायची, आत यायची नाही.

दिवाळीच्या सुमारास तांबूस कोंब आला. यंदाच्या वैशाखापर्यंत पानं झाली अकरा.

यंदा कुंडी मावशीनेच विहारात नेली. सोबत पाण्याची वाटी आणि पांढरं फडकं.

"पाणी नोको टाकू कोणी. एक माणूस, एक पान. पुसायचं."

"पानं अकरा, मावशी. मंग आमी?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"पुढच्या साली ये. तोवर वाढतील."

दहा पानं पुसून झाली. प्रेमिलाकाकू पार मागे, चपलांजवळ उभी होती. मावशीने फडकं पिळलं आणि तिच्याकडे धरलं.

"ये ना वो. काऊन थांबली?"

प्रेमिलाकाकूने अकरावं पान पुसलं. खाली तळहात धरून, मावशीसारखंच, सावकाश.

"बस. झालं," मावशी म्हणाली. 'पुढे सरक' मात्र म्हणाली नाही.