कुरडयांचा चीक

सावेडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात कुरडया होतात आणि दर उन्हाळ्यात माझ्या पोटात दुखतं. कारण एकच, वरच्या मजल्यावरचं जोडपं. शेवगावकडची माणसं, दोघंही साठीच्या पुढची.

चीक शिजवायला दोन माणसं लागतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून काढलेला चीक एकानं उकळत्या पाण्यात बारीक धारेनं सोडायचा आणि दुसऱ्यानं हात न थांबवता ढवळायचं. इतर घरांत हे काम सासवा-सुना नाहीतर जावा-जावा करतात. त्यांच्याकडे नवरा-बायको करतात आणि अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असं भांडतात.

"अवो, हात चालवा की! झोपले का?"

"तू धार बारीक धर आदी. लई घाई तुला."

"मग तुमीच धरा!"

आणि दोघं हसत सुटतात. वर ती बाई मला सांगते, "आमचं हे असं हाय बघा. चाळीस वर्षं झाली, न्हाई सुधारले." हे सांगतानाचा तिचा तोरा बघून मला तिचं पातेलं पालथं करावंसं वाटतं. खोटं कशाला बोलू?

आमच्यात भांडण होत नाही. हे सुप्याच्या कारखान्यात जातात, येतात, जेवतात, आपलं ताट आपण उचलतात. नातेवाईक नव्या जोडप्यांना आमचा दाखला देतात की सव्वीस वर्षांत यांच्या घरात कधी आवाज चढला नाही. ते ऐकलं की मी चहा करायच्या निमित्तानं उठते.

यंदा मी हट्टालाच पेटले. यांच्या सुट्टीच्या दिवशी गच्चीवर गॅसची शेगडी मांडली आणि म्हणाले, "ढवळायला चला." हे आले. मी धार सोडत होते, हे ढवळत होते, अगदी नीट. पलीकडे त्या दोघांची मिठावरून जुंपली होती.

"पाणी कमी पडलं का हो?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

"हिंग राहिला वाटतं."

"असू दे."

माझं डोकंच फिरलं. उरलेला सगळा चीक मी भसकन ओतला. क्षणात गुठळ्याच गुठळ्या झाल्या. हे ढवळतच राहिले, एकेक गुठळी पातेल्याच्या कडेला दाबून फोडत. मग म्हणाले, "माझाच हात थांबला असेल."

"नव्हता थांबला! मी मुद्दाम ओतला. एकदा तरी चिडा ना माझ्यावर!"

पलीकडची दोघं आपलं भांडण सोडून आमच्याकडे बघायला लागली. यांनी गॅस बंद केला.

"चिडलो होतो एकदा," हे हळूच म्हणाले. "पहिल्याच वर्षी. डब्याला उशीर झाला म्हणून ओरडलो. तू माहेरी गेलीस, ती तीन महिने आली नाहीस."

मी ते पार विसरले होते. आता आठवलं. हे दोनदा मला न्यायला आले होते, ओसरीवर बसून चहा घेऊन परत गेले होते. मी आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आले नव्हते. तेव्हा मला वाटलं होतं, आपण जिंकलो.