उतार कुणी शिकवलाच नव्हता

माझी मुलगी सात वर्षांची असताना मी तिला एक थाप मारली, आणि ती निस्तरायला मला सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकावी लागली.

आम्ही तेव्हाही दुबईत अल मनखूललाच राहायचो. मुलीला वाढदिवसाला जांभळी सायकल घेतली होती. सुट्टीच्या दिवशी तिला झबील पार्कात नेलं, बाजूची छोटी चाकं काढली आणि तिनं भोकाड पसरलं. "आय विल फॉल! आय विल डाय!" नवरा सीट धरून वाकून धावून थकला आणि गवतावर जाऊन बसला. मग मी पुढे झाले.

"अगं, एवढं काय त्यात? तुझ्याएवढी असताना मी रोज सायकलनं शाळेत जायचे. एकदाही पडले नाही."

खरं सांगायचं तर कराडला आमची शाळा घरापासून इतकी जवळ होती, की पहिली घंटा झाली की मी चपला शोधायला लागायचे. सायकल होती ती थोरल्या भावाची. तिच्यावर मी बसले ती फक्त मागे, कॅरियरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून.

पण थाप लागू पडली. मुलीनं नाक पुसलं आणि तासाभरात ती एकटी फेऱ्या मारायला लागली. मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. तिला गणिताची भीती वाटली की माझी सायकल घाट चढायची. दातांच्या डॉक्टरकडे जायचं असलं की माझ्यामागे कुत्रं लागायचं. पुढे पुढे कुत्री तीन झाली, आणि मी रडले तर नाहीच, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं ठरलं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो जेवताना मान खाली घालून बसायचा आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारायचा, "आज किती कुत्री होती?"

मुलगी मोठी झाली, शिकायला इंग्लंडला गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा कोर्स संपत आला तेव्हा तिनं आम्हाला बोलावलं. एप्रिलमधल्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती अक्षरशः उड्या मारत होती.

"आई, गेस व्हॉट! थ्री डेज इन द लेक डिस्ट्रिक्ट. वॉकिंग अँड सायकलिंग! सायकली मी बुक पण केल्या. स्पेशली फॉर यू!"

"अरे वा," मी म्हणाले. माझ्या मागे नवऱ्याला ठसका लागला.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "सांगून टाक. दोन मिनिटांचं काम आहे."

"सांगणार नाही. शिकणार. सात आठवडे आहेत."

"गुडघा दुखतो म्हण."

"आणि चालायचं कसं मग? तळ्याभोवती लंगडत?"

त्याची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आहे. रविवारी सकाळी तिथले रस्ते मोकळे असतात, म्हणून पहिला धडा तिथे ठरला. नवऱ्यानं कुणाकडून तरी एक सायकल आणली. तो स्वतः उत्तम चालवतो आणि म्हणूनच त्याला शिकवता येत नाही. "बॅलन्स कर" एवढंच तो म्हणत राहिला. जवळच कामगारांची राहायची इमारत होती. सुट्टी असल्यानं मंडळी बाहेर दात घासत उभी होती. पंधरा मिनिटांत मला शिकवणारे अकरा जण झाले. "मॅडम, आगे देखो!" "मॅडम, हँडल ढीला छोडो!" "अरे भाई, मॅडम को पहले उतरना सिखाओ!" हा शेवटचा सल्ला सर्वांत शहाणपणाचा होता, पण तो येईपर्यंत मी एका कचरापेटीला मिठी मारली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा तिकडे जायचं नाही, असं मी गाडीतच जाहीर केलं.

मी एका दातांच्या क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचं काम बघते. आमच्याकडे दात साफ करून देणारी एक इजिप्शियन हायजिनिस्ट आहे. पंचावन्नची असेल, बांधा दणकट आणि आवाज त्याहून. ती दर शनिवारी पहाटे सायकल चालवते हे मला ठाऊक होतं. सोमवारी मी कोपराला लावलेल्या पट्टीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. कुत्र्यांसकट.

ती इतकी हसली की वेटिंग रूममधला एक पेशंट आत डोकावला. मग डोळे पुसून म्हणाली, "हबीबती, शनिवार. साडेपाच. अल कुद्रा. खलास." म्हणजे विषय संपला.

अल कुद्राला वाळवंटात सायकलींसाठी लांबच लांब ट्रॅक आहे आणि बाजूला माणसांनी बनवलेली तळी. मे महिन्यात साडेपाचलाही हवा कोमट असते, पण सूर्य वर यायच्या आधी तासभर निभतं. बाईंची पद्धत निराळी होती. तिनं सायकलची सीट एवढी खाली केली की माझे दोन्ही पाय टेकले, आणि पॅडल मारायला सक्त मनाई. "बदकासारखी चाल," ती म्हणाली. पहिला शनिवार मी सायकलवर बसून बदकासारखी चालले. तळ्यातली खरी बदकं काठावर येऊन बघत होती. दुसऱ्या शनिवारी पाय उचलून घरंगळायचं. तिसऱ्या शनिवारी ती अचानक ओरडली, "यल्ला! आता पाय वर!" मी पाय वर घेतले, पॅडल फिरलं, आणि सायकल गेली. माझ्याखालून नव्हे, मला घेऊन गेली! मी मराठीत किंचाळत होते, ती अरबीत. शंभरेक मीटर गेल्यावर मला थांबता येत नाही हे लक्षात आलं, तेव्हा मी सरळ वाळूत घुसले आणि वाळूनं मला थांबवलं.

मग तेच माझं तंत्र झालं. थांबायचं असलं की वेग आपोआप कमी होऊ द्यायचा आणि पाय टेकायचे. सपाट रस्त्यावर छान जमायचं. सहाव्या शनिवारी मी आठ किलोमीटर चालवली. बाईंनी मला मिठी मारून पास केलं. ब्रेक हा विषय आम्हा दोघींच्याही डोक्यात आला नाही.

इंग्लंडमध्ये पहिला दिवस चालण्याचा होता. जून महिना आणि आम्ही तिघं स्वेटरवर रेनकोट घालून निघालो. इतकं हिरवं बघायची डोळ्यांना सवय नसते. दगड रचून केलेली कुंपणं डोंगरावर थेट वरपर्यंत गेलेली, मेंढ्या रस्त्यात बसलेल्या आणि खाली लांबट, शांत, शिशाच्या रंगाचं तळं. समोरून येणारा प्रत्येक माणूस "मॉर्निंग!" म्हणायचा. नवरा प्रत्येकाला उत्तर द्यायचा आणि दुपारी तीनपर्यंत मॉर्निंगच म्हणत राहिला. मुलगी पुढे पुढे जायची, थांबायची, आमचा फोटो काढायची. मी मात्र पायवाटेकडे बघत होते. ही वाट वर जात होती. मग खाली. मग पुन्हा वर.

"अरे," मी नवऱ्याला हळू आवाजात म्हटलं, "इथे सपाट कुठेच नाही."

तो थांबला. आजूबाजूला नीट पाहिलं. "खरंच की," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलीच्या दुकानातल्या माणसानं विचारलं, चढउतारांची सवय आहे ना? मी तोंड उघडायच्या आत मुलगी अभिमानानं म्हणाली, "माय मम यूज्ड टू सायकल टू स्कूल ओव्हर अ माउंटन पास." तो माणूस माझ्याकडे आदरानं बघायला लागला. त्यानं मला हेल्मेट जरा जास्तच प्रेमानं दिलं.

तळ्याकाठची वाट झाडांतून जाणारी, खडीची. पहिला मैल बरा गेला. चढ आला की मी "थांबा, फोटो काढते" म्हणून उतरायचे आणि ढकलत वर न्यायचे. तिसऱ्या फोटोनंतर मुलगी म्हणाली, "आई, आर यू ओके?"

"देखावा बघ की किती सुंदर आहे!"

चौथ्या चढाच्या माथ्यावर मी सायकलवर बसले, पाय उचलले आणि पुढे पाहिलं. वाट सरळ खाली उतरत होती आणि तळाशी वळत होती. वळणापलीकडे तळं. मी माझं तंत्र वापरलं, म्हणजे वेग आपोआप कमी व्हायची वाट बघितली. तो कमी होईना. उलट वाढला. पाय टेकवले तर खडी उडाली. मुलगी पुढे होती, तिच्या शेजारून मी सुसाट गेले. "आई! ब्रेक्स! ब्रेक्स!" ती ओरडली. वाटेत दोन मेंढ्या होत्या. मी त्यांना "हटो! हटो!" म्हणून हिंदीत विनवलं. त्या हटल्या. पुढे एक म्हातारं जोडपं कुत्रा घेऊन येत होतं. ते शिस्तीत बाजूला झालं आणि आजोबा म्हणाले, "मॉर्निंग!"

वळण मी घेतलंच नाही. गवत, मग चिखल, मग पाणी. गुडघाभर पाण्यात सायकल थांबली आणि मी तिच्यावर तशीच बसून राहिले. पडले नाही. पाणी इतकं गार होतं की पाय आहेत की नाहीत कळेना.

नवरा काठावर पोचला, मी धड आहे हे बघितलं आणि मग खाली बसून हसायला लागला. मुलगी बुटांसकट पाण्यात आली. तिनं मला धरून बाहेर काढलं, हातपाय चाचपले आणि म्हणाली, "ब्रेक का नाही दाबलास?"

"मला येत नाही," मी म्हणाले.

"व्हॉट डू यू मीन?"

मग मी ओल्या दगडावर बसून सगळं सांगितलं. शाळेचं अंतर, भावाच्या सायकलचं कॅरियर, अल कुद्राची बदकं. मला वाटलं ती हसेल. मी गोष्ट तशीच, गंमत करत सांगत होते. पण ती हसली नाही.

"आणि कुत्री?"

"नव्हती गं कुत्री."

ती तळ्याकडे वळली. मग म्हणाली, "पहिल्या विंटरला इथे मी खूप रडायचे, माहितीये? रोज. तुला फोन नाही केला. कारण तू तर तीन कुत्री मागे लागली तरी रडली नव्हतीस. आय थॉट समथिंग वॉज राँग विथ मी."

नवऱ्याचं हसू थांबलं. तिला धीर यावा म्हणून मी रचलेली गोष्ट ती खोलीत एकटी उराशी धरून बसली होती, आणि त्यातून तिला धीर सोडून बाकी सगळं मिळालं होतं.

"मी लहानपणी मांजरालासुद्धा घाबरायचे," शेवटी मी म्हणाले. "अजूनही घाबरते. तू गेलीस तेव्हा एअरपोर्टहून येताना मी अख्ख्या रस्त्यात रडले. बाबाला विचार."

"रडली," नवरा म्हणाला. "मीपण."

ती वळली. "आणि बारावीला मॅथ्समध्ये तुझे ते नाइन्टी-सिक्स?"

"एकाहत्तर."

"आई!" तिनं डोळे मोठे केले आणि बापाकडे वळली. "बाबा, तुमचा तो नाइट ट्रेक? बिबट्या?"

नवरा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. "लांब होता तसा," तो पुटपुटला. "म्हणजे कुत्राही असू शकेल."

आता मात्र तिला हसू फुटलं. आधी रागात, मग खरंखुरं. मेंढ्या परत वाटेवर येऊन बसल्या.

त्यानंतर तिनं मला उतार शिकवला. जवळच एक छोटासा उंचवटा होता, त्यावरून तिनं मला वीस वेळा तरी खाली आणलं. "दोन्ही ब्रेक, हळूहळू. एकदम नाही. आई, डोंट क्लोज युअर आईज!" मी चुकले की ती ओरडायची, आणि ओरडण्यात तिला जो आनंद होत होता तो मी तिला मनमुराद घेऊ दिला. ओले बूट प्रत्येक पॅडलला पचपच आवाज करत होते. दुपारनंतर आम्ही राहिलेली वाट पुरी केली. तीन उतार मी सायकलवरून केले, दोन सरळ पायी उतरले, आणि एकदाही फोटोचं कारण दिलं नाही.

दुबईला परतल्यावर पहिल्याच दिवशी क्लिनिकमध्ये बाईंनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, ब्रेक. तिनं कपाळावर हात मारला. आता आम्ही शनिवारी ब्रेकचाच सराव करतो, आणि मुलीचा फोन रडून सुरू झाला तर मी काहीही रचून सांगत नाही. गेल्या महिन्यात तिची एक मुलाखत फसली. ती वीस मिनिटं बोलत होती. मी फक्त "हं" म्हणत कुकरखालचा गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.