कोठीवरचा माणूस

आमच्या मालकांचा, भगवानरावांचा, सगळा जन्म रेणापुरात गेला अन् दोस्त केला तो एकच, वैजनाथ. बांधाला बांध लागलेलं रान दोघांचं. वैजनाथभावजींच्या घरी कुठलंही कार्य असलं की कोठीवर आमचे मालक. कोठी म्हणजे तयार सैपाक ठेवायची खोली. तिथं भरवशाचाच माणूस बसवतेत, न्हाईतर बुंदी पंगतीत कमी अन् गठुड्यात जास्त जाती. भावजींच्या एकाही पोरीच्या लग्नात मालकांनी अक्षता टाकल्या न्हाईत, कारण कोठी सोडली न्हाई. त्याचाच ह्यांना लई तोरा.

मग भावजी लेकाकडं नांदेडला राहायला गेले. पहिल्यांदा मोबाईलवर तासतासभर बोलायचे. हळूहळू बोलणं ऱ्हायलं अन् रोज सकाळी नुसतं फुलाचं चित्र यायला लागलं. मालक चष्मा लावून ते फूल बघायचे अन् फोन खिशात ठेवायचे. पारावर जाणंही सोडलं. तिथं कोण हाय माझं, म्हणायचे.

ह्या उन्हाळ्यात एक दिवस फुलाच्या जागी पत्रिका आली. भावजींच्या नातीचं, दीपालीचं लग्न. आमच्याकडं जवळच्या माणसाला घरी येऊन, कुंकू लावून आवतण देतेत. मालकांच्या ते जिव्हारी लागलं. साऱ्या गावाला पाठवली तशीच मला पाठवली, म्हणाले. गुडघे दुखतेत त्याचे, येणं झालं न्हाई तर फोन तरी करंल. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. तर माझ्यावरच डाफरले. असला हेकट माणूस!

लग्नाच्या दिवशी सकाळीच इस्त्रीचं धोतर नेसून ओसरीवर बसले. फोन मांडीवर. नांदेडची एक गाडी गेली, दुसरी गेली. दुपारी मी ताट वाढलं, जेवले न्हाईत.

दिवस मावळायला फोन वाजला. भावजींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भगवान, कोठीवर मीच बसलो रे. दुसऱ्या कुणाला बसवू? नातीच्या अक्षता चुकल्या माझ्या."

"तू बोलावलं कुठं मला?"

"पत्रिका बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या की तुझ्या. म्हटलं, भगवानला कळलं, आता येतोय. अन् तुला बोलवाया तू पाहुणा कवापासून झालास?"

मालक फोन कानाला तसाच धरून बसले. मला दोघांचाही राग आला अन् रडूही आलं.

दुसऱ्या दिवसापासून फूल येईना झालंय. मालक मात्र सकाळी उठले की चष्मा लावून बघतेत. मी म्हणते, नांदेड काय इलायतेत हाय? गाडी धरा अन् जा. तर मान खाली घालून म्हणतेत, आता कुठल्या तोंडानं जाऊ?