बोटाकडे नजर

चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं प्रेस मशीन चालवून उद्धवरावांचे कान पार कामातून गेले होते. नोकरी जाईल या धास्तीनं ते याबद्दल कुणाजवळ बोलत नसत. दरवर्षी कंपनीत कान तपासायचे, तेव्हा तपासणाऱ्याचं बोट बटणावर पडलेलं चोरून बघायचे आणि ‘ऐकू आलं’ म्हणून हात वर करायचे.

रविवारी लेक स्वरूपानं त्यांना रॉक बँडच्या कार्यक्रमाचा सिनेमा बघायला ओढून नेलं. ड्रम दणाणले, गिटार कडाडली आणि उद्धवराव खुलले. किती वर्षांनी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं! कौतुकानं लेकीकडे वळले, तर तिनं दोन्ही कान गच्च दाबून धरलेले.

मध्यंतर झालं. स्वरूपा काहीतरी विचारत होती, नुसते ओठ हलत होते. उद्धवरावांची नजर आपसूक तिच्या बोटांकडे गेली आणि हात वर झाला.