वाढवलेलं दुकान

आमच्या टिनाच्या शेडला दारं तीन आणि पत्ता एक. मालेगावहून वाशीमकडे निघालं की डाव्या हाताला. पहिल्या दारात मामाजी, म्हणजे माझे सासरे, जळालेल्या मोटरी भरून द्यायचे. मधल्या दारात मोठ्या जाऊबाईंचं शिलाई मशीन. तिसऱ्याला दार म्हणणं जरा धाडसाचंच. तारेचं फाटक ते, सुतळीने बांधलेलं. त्यातून मागे गेलं की हिरव्या शेडनेटखाली माझी रोपवाटिका.

रोपवाटिकेचं ते पहिलंच वर्ष होतं. मामाजींना तिचं कौतुक नव्हतं असं नाही, रोज सकाळी ते एक फेरी मारायचे, कोबीच्या पानाखाली अळी दिसली की बोलवायचे. पण तिला दुकान म्हणायला ते तयार नव्हते. “दुकान थे, ज्याले शटर असते. तुहं थे शेतच हाय,” असं ते सरळ तोंडावर सांगत. मी हसून सोडून द्यायची. खरं तर ते मला लागायचं.

मोबाइलच्या नकाशावर तिन्ही कामधंदे टाकायचं मीच ठरवलं. रस्त्याने जाणारा माणूस आता पाटी वाचत नाही, मोबाइल सांगेल तिथे वळतो. मी तिघांचा पत्ता एकच लिहिला, कारण तो एकच होता. फोन नंबर तिघांना माझाच दिला. नावात तिघांच्या आमचं आडनाव. अर्ध्या तासात सगळं उरकलं आणि मोठा गड जिंकल्यासारखी मी चहा घेत बसले.

पुढचे काही महिने माझा फोन म्हणजे धर्मशाळा झाला. एक बाई विचारायची ब्लाउज झाला का, तिच्यामागे कुणी विचारायचा पाच एचपीची मोटर भरून झाली का, आणि मी हातात रोपांचा ट्रे धरून दोघांना उत्तरं द्यायची. एकदा मोटरीचं उत्तर ब्लाउजवालीला गेलं, “मामाजी उद्या पाण्यात टाकून बघतो म्हणाले” असं सांगून मी मोकळी झाले. जाऊबाईंनी ते अजून विसरू दिलेलं नाही.

मग मामाजींचे डोळे थकले. मोटर भरायची म्हणजे केसासारखी तार एकेक वेढा मोजत घालायची. दोन मोटरी भरूनही चालेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच काम थांबवलं. पाटी उतरवली, आत भिंतीला टेकवून ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच दारात नुसते खुर्ची टाकून बसू लागले. मला म्हणाले, “मोबाइलातून काढून टाक. पन बंद लिवू नको. बंद म्हनू नये दुकानाले. वाढवलं म्हनावं.”

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तसंच संध्याकाळी शटर ओढताना दुकान वाढवतात. मी मोबाइलवर मामाजींच्या दुकानाच्या माहितीत आज्ञाधारकपणे लिहिलं: दुकान वाढवले आहे.

आठवड्याभरात मोटरींची रांग लागली. कारंजाकडचा एक जण तर दोन मोटरी मोटरसायकलला बांधून आला. मामाजी म्हणाले, मी आता काम करत नाही. तो चिडला. “तुमीच लिवलं नं, दुकान वाढवलं म्हनून? मले वाटलं, मोठं केलं. मंग काहून नाई म्हनता?” आयुष्यभर जपून वापरलेला शब्द आपल्यावरच असा उलटेल असं मामाजींना वाटलं नसावं. जाऊबाई मशीनवर डोकं टेकवून हसत होत्या. त्या माणसाला चहा पाजून आम्ही वाटेला लावलं.

मला हसू आलं नाही. मला राग आला. माझा राग असा की तो आला की बोट आधी चालतं आणि डोकं मागून येतं. मी त्याच पावली मोबाइल उघडला आणि मामाजींच्या दुकानापुढे “कायमचे बंद” दाबलं. त्यांना सांगितलं नाही.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या होऊन गेल्या होत्या आणि टमाटरची रोपं लावायला अगदी तयार होती. टमाटरचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं झालं की शेतात गेलंच पाहिजे. ट्रेमध्ये राहिलं की नुसतं उंच होतं, देठ बारीक पडतो, आणि असं रोप कुणी हातात धरत नाही. माझ्या सगळ्या पावसाळ्याची मेहनत आणि घरात ताठ मानेने बोलायची सोय त्या ट्रेंमध्ये उभी होती. आणि गिऱ्हाईक एकदम थांबलं. एक दिवस कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी रोपांचं पाणी कमी केलं, म्हणजे वाढ जरा धरून राहील.

त्या दुपारी शिरपूरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचा भाजीपाल्याचा मळा, मागच्या महिन्यात वांग्याची रोपं माझ्याकडूनच नेलेली. “काय वं बाई, रोपं देनं सोडलं का? मोबाइल तर कायमचं बंद सांगून राह्यला. मी अर्ध्या रस्त्यातून वापस आली!”

मी जाऊबाईंच्या मोबाइलवर बघितलं. पत्ता एक, नंबर एक, आडनाव एक. नकाशाने केव्हातरी गुपचूप ठरवलं होतं की मामाजींचं दुकान आणि माझी रोपवाटिका हे एकच प्रकरण आहे. माझ्या मोबाइलवर दोन्ही वेगळी दिसत होती, कारण मी मालकीण. बाकी जगाला दोन्हींची मिळून एकच खूण दिसत होती, जाऊबाईंची तेवढी वेगळी सुटली होती. त्या एका खुणेवर माझ्या रोपवाटिकेचं नाव होतं आणि नावाखाली लाल अक्षरात माझ्याच बोटाने लिहिलेलं मरण.

मामाजींना सांगावंच लागलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, “म्या सांगतलं होतं तुले, बंद लिवू नको.” आणि मग, “आता कसं कराचं थे पाह्य.”

मी आधी मामाजींचं दुकान नकाशावरून पुरतं काढलं. मग रोपवाटिकेची खूण पुन्हा चालू करायला गेले, तर मोबाइलने अट घातली. एका पत्त्यावर अनेक व्यवसाय असतील तर आपला वेगळा आहे हे व्हिडिओ काढून दाखवा. समोरचा रस्ता दिसला पाहिजे, पक्की पाटी दिसली पाहिजे, आणि मालक स्वतः कुलूप उघडताना दिसला पाहिजे. माझ्याकडे पाटी नव्हती, एक फ्लेक्स होता तो पोळ्याच्या वाऱ्यात फाटला होता. आणि कुलूप तर नव्हतंच.

“सुतळी सोडताना काढू का व्हिडिओ?” जाऊबाईंनी अगदी मनापासून विचारलं. मी त्यांच्यावर ओरडले आणि मग फाटकाशीच बसून रडले. एवढं सगळं उगवलं, आणि एका सुतळीपायी ते उकिरड्यावर जाणार, असं वाटत होतं.

मामाजी उठले. आत गेले आणि भिंतीला टेकवलेली आपली टिनाची पाटी घेऊन बाहेर आले. ती त्यांनी जमिनीवर उलटी टाकली, कोऱ्या बाजूवरचा गंज घासला, आणि मोटरींवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचा तो ऑइलपेंटचा डबा उघडला. डोळे पाटीला जवळजवळ टेकवून ते लिहीत होते. मी म्हटलं, मी लिहिते. “तुह्यापेक्षा माहं अक्षर बरं हाय,” म्हणाले. आडनाव झकास आलं, रोपवाटिका हा शब्द मात्र शेवटी उजवीकडे खाली उतरला. मग त्यांनी बंडीच्या खिशातून पहिल्या दाराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “त्या दारात बस आता. ट्रे मांड पुढं. मले एक खुर्ची राहू दे.”

पेंट वाळल्यावर पाटी पहिल्या दारावर ठोकली आणि आम्ही व्हिडिओ काढला. जाऊबाई रस्त्यापासून चालत आल्या, पाटीवर थांबल्या, आणि मी कुलूप उघडून शटर वर ढकललं. आत टमाटरचे ट्रे मांडलेले आणि कोपऱ्यात मामाजी, इकडेतिकडे न बघता फोटोला बसल्यासारखे.

तपासणीला काही दिवस लागतील असं उत्तर आलं. मी रोज सकाळी रोपाच्या देठाला बोट लावून बघायची. चौथ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. लाल अक्षरं गेली होती. मी शिरपूरच्या बाईंना फोन लावला तेव्हा मी इतकी ओरडून बोलले की त्यांना वाटलं काही वाईट झालं. तासाभरात त्या मालवाहू ऑटो घेऊन आल्या, एक रोप मुळासकट उपसून डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, “लई मस्त हाय. भरा.” त्यांच्यामागे आणखी दोघं आले, दुसऱ्याच्या मागे त्याचा साडू. मला भूक लागली होती, हे तेव्हा कळलं.

दिवे लागणीला ट्रे निम्म्याहून कमी उरले होते. मी उरलेल्यांवर पाणी शिंपडत होते. मामाजी खुर्चीवरून उठले, बंडी झटकली आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

“सूनबाई, सांज झाली,” ते म्हणाले. “वाढव तुहं दुकान.”

शटर जुनं आहे, एका हाताने येत नाही. आम्ही दोघांनी मिळून ते खाली ओढलं.