न घेतलेलं इंजेक्शन

"जीभ काढा, पावणं."

दवाखान्याची पायरी चढून आलेल्या कुणालाही आप्पा पहिल्यांदा हेच म्हणत. नाव नंतर, गाव नंतर, तक्रार तर त्याहून नंतर. माणूस गोंधळून जीभ बाहेर काढी. आप्पा चष्मा कपाळावर चढवत, मान तिरकी करून बघत आणि मग केसपेपर लिहायला घेत. आत बसलेल्या डॉक्टरांना जे दहा मिनिटांनी कळायचं, ते यांना उभ्याउभ्या कळलेलं असे. डॉक्टरांनाही हे ठाऊक होतं आणि मनातून ते थोडे चिडतही असावेत.

आप्पा मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या दवाखान्याचे कंपाउंडर. मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत, घरात निम्मं कानडी. बायकांना सरसकट 'अक्का' म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शेजारच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मीही अक्काच. रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पेशी बघायच्या, हे माझं काम. "तू नळीतनं बघतीस, मी चष्म्यातनं बघतो," असं ते म्हणत आणि स्वतःच हसत.

त्यांच्या हुशारीचं नुसतं कौतुक करायचं असतं तर हे लिहायला एवढी वर्षं लागली नसती. सगळ्या पेठेच्या अंगात काय कमी आहे ते हा माणूस ओळखत होता आणि त्याच काळात त्याचे स्वतःचे पाय जात होते. ते जाताना मी रोज बघत होते.

एकदा गगनबावड्याकडची एक बाई दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन आली. पोर चालत नव्हतं. आप्पांनी त्याची मनगटं चाचपली. हाडाशी जाड लागत होती.

"याला ऊन दावा की, बाई."

"कुठलं ऊन दावू? आमच्याकडं चार म्हयनं पाऊस, उरल्यालं धुकं."

"मग औषधाचं ऊन दिऊया," आप्पा म्हणाले आणि आत जाऊन डॉक्टरांना 'ड जीवनसत्त्व' असं सांगून आले. पुढच्या उन्हाळ्यात ते पोर दवाखान्याच्या पायरीवरून पडून गुडघा फोडून घेण्याइतकं चालायला लागलं होतं.

हिरड्यांतून रक्त येणाऱ्याला आवळा, संध्याकाळी ठेचकाळणाऱ्या मुलीला गाजर आणि शेवग्याचा पाला, ओठांचे कोपरे चिरलेल्या पैलवानाला भरपूर शिव्या आणि बी कॉम्प्लेक्स. त्या पैलवानाने विचारलं होतं, "एवढं खातोय, तरी कमी कसं पडतंय?" आप्पांनी त्याला बाकावर बसवलं. "भाकरी, डाळ, मटन ही लाकडं. जीवनसत्त्व म्हंजे काडी. काडी न्हाय तर ढीगभर लाकडं असून बी चूल पेटत न्हाय. कळलं काय?" शरीरातल्या रसायनशास्त्राचं याहून सोपं स्पष्टीकरण मला कॉलेजात कुणी दिलं नव्हतं.

आता त्यांच्या नवसाबद्दल. त्यांच्या मुलीच्या लग्नाला सहा वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. आप्पा रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे. दूध हा त्यांचा एकच शौक. नृसिंहवाडीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी चहा बिनदुधाचा मागितला. "आवडीचं सोडावं लागतंय, अक्का. नावडतं सोडून द्येव कसा पावंल?" दूध गेलं, दही, ताक, तूप, लोणी सगळं गेलं. मांस-अंडी तर घरात कधी नव्हतीच. दोन वर्षांनी मुलीला मुलगी झाली. आप्पांनी दवाखान्यात पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. नवस जन्मभराचा होता.

त्यानंतर चारेक वर्षांनी ते फिकट दिसायला लागले. जिने चढताना धाप लागे. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली होती, ती त्यांनी आरशात बघून स्वतःच ओळखली. मी बोटातून रक्त घेतलं, काच रंगवली आणि बघितली. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, फुगलेल्या, संख्येने कमी. अशा पेशी दोन गोष्टींच्या अभावी होतात. एक फॉलिक आम्ल, दुसरं बी ट्वेल्व्ह. पेशी वाढते, पण तिला दोन व्हायला जमत नाही.

"आप्पा, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं घ्या. कपाटात आहेतच."

"ते आमच्यात चालत न्हाय, अक्का."

एवढंच म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. धर्माची गोष्ट, मोठा माणूस, आपण कोण विचारणार, असं मला वाटलं. खरं तर मला संकोच वाटला आणि त्या संकोचाला मी आदर म्हटलं. आप्पांच्या तरुणपणी रक्त वाढवायला जे लालसर इंजेक्शन देत त्यात जनावराच्या कलेजीचा अर्क असे. त्यांनी ते शेकडो लोकांना टोचलं होतं, दर वेळी नंतर हात धुऊन. पुढे बी ट्वेल्व्हचं नवं इंजेक्शन आलं, तेही लाल. आप्पांनी ते त्याच कप्प्यात लावलं आणि मनातही त्याच कप्प्यात ठेवलं.

त्याऐवजी त्यांनी फॉलिकच्या गोळ्या सुरू केल्या. "पाल्यातलं हाय. शुद्ध." डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर म्हणाले, "डाक्टरला काय दावायचं? त्यास्नी मीच सांगतोय."

दोन महिन्यांत गुण आला. धाप गेली, जीभ पूर्ववत झाली, रक्त वाढलं. मी पुन्हा काच बघितली, पेशी बऱ्यापैकी नेहमीसारख्या दिसल्या. मी आनंदाने ओरडलेच. आप्पांनी मला सफरचंद आणून दिलं. आज त्या सफरचंदाची आठवण झाली तरी तोंड कडू होतं. फॉलिकने रक्त सावरलं होतं, पण नसांच्या वरचं आवरण टिकवायला बी ट्वेल्व्हच लागतं, तिथे फॉलिक काही कामाचं नसतं. रक्ताने आरडाओरडा केला असता तर कुणी तरी धावलं असतं. आम्ही त्याचंच तोंड बंद केलं होतं.

मग एक दिवस आप्पा एकाच पायात चप्पल घालून दवाखान्यात आले. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती.

"आप्पा, चप्पल?"

त्यांनी खाली बघितलं. "आयला," म्हणाले आणि हसले. आम्हीही हसलो. मे महिना होता, डांबर तापलेलं. अर्धा रस्ता ते एका अनवाणी पायाने चालत आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं. हसताना हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर सगळे हसतच होते.

त्यानंतर मला दिसायला लागलं. भिंतीला हात लावून चालणं. पाय उचलून आपटणं. सकाळी देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावून डोळे मिटले की त्यांचा झोक जाई. डोळे उघडे असताना पाय कुठे आहेत हे ते बघून ओळखत, मिटले की पाय हरवत. "वय झालं," ते म्हणत. अठ्ठावन्न काही वय नव्हे. बोटांतून बाटलीची झाकणं सुटायला लागली. मोजलेल्या गोळ्या पुन्हा मोजू लागले. शेवटी एक दिवस ते तोंड धुताना डोळे मिटून बेसिनवर आपटले, कपाळ फुटलं. त्या दिवशी मी त्यांचं काही ऐकलं नाही. रिक्षात घालून नसांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्या तरुण डॉक्टरांनी कंप देणारा चिमटा त्यांच्या घोट्याला टेकवला. "कळतंय?" आप्पा म्हणाले, "अजून लावलंय कुठं?"

खाणंपिणं विचारून झालं. डॉक्टरांनी लाल इंजेक्शन हातात घेतलं तशी आप्पांनी मान हलवली. कलेजीचं चालत नाही म्हणाले. डॉक्टर बघतच राहिले. "कलेजी? अहो, हे जंतूंकडून करून घेतात. दही लावतात ना, तसं. जनावराचा काही संबंध नाही."

"कवापास्नं?"

"बरीच वर्षं झाली. तुमच्या कपाटातही हेच असणार."

आप्पांनी शर्टाची बाही वर केली आणि दंड पुढे केला. रिक्षात परत येताना रंकाळा मागे पडला तेव्हा ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "अक्का, त्या खोक्यावरचा कागद मी कधी वाचला न्हाय."

"मीही नाही, आप्पा," मी म्हटलं. मला रडू फुटलं, आणि त्यांनाच माझी समजूत काढावी लागली.

इंजेक्शनांनी पडझड थांबली. हात पुष्कळ सुधारले, डोकं तरतरीत झालं. पाय मात्र परत आले नाहीत. उशीर झाला होता. नोकरी सोडून ते मुलीकडे गडहिंग्लजला राहायला गेले.

दोन-तीन वर्षांनी मी एसटीने त्यांना भेटायला गेले. घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते, पाय खाली पाटावर ठेवलेले, बाजूला काठी. मला बघून उजळले. नव्या मशीनवर एका थेंबात सगळं कळतं म्हणे, खरं काय, असं विचारू लागले. मी सांगत होते, ते माझ्या तोंडाकडे बघत पुढे पुढे विचारत होते.

आतून त्यांची नात आली. आठेक वर्षांची, दोन वेण्या, पाठीला दप्तर. त्या दिवशी तिची परीक्षा होती. ती वाकली, दोन्ही हात तिने अज्जाच्या पायांवर ठेवले, त्यावर कपाळ टेकवलं आणि थांबली.

आप्पा माझ्याशी बोलत राहिले. पोर तशीच वाकलेली, आशीर्वादाची वाट बघत.

दारातून तिची आई म्हणाली, "आप्पा, पोर पाया पडालीय की."

आप्पांनी खाली बघितलं. आपल्या पायांवरचे ते दोन लहान हात त्यांनी नीट बघून घेतले. मग मला विचारलं, "कवापास्नं हाय ही हितं?"